बिनतेलाचा ग्रॅनोला वातड का होतो?

प्रश्न थोडक्यात असा: तेल अजिबात न वापरता घरी ग्रॅनोला, म्हणजे ओट्स, नट्स आणि बिया मधात घोळून भाजलेला कुरकुरीत पदार्थ, करायचा होता. तेलाऐवजी दोन पिकलेली केळी कुस्करून घातली, थोडा मध घातला, १८० अंशांवर भाजलं. कडा करपल्या, मधला भाग वातड राहिला. गार झाल्यावर जरा बरा वाटला, पण दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा मऊ पडला, आणि मोठे क्लस्टर, म्हणजे ओट्स एकमेकांना चिकटून होणारे खडे, तर झालेच नाहीत. चुकलं कुठे, आणि अंडं न वापरता हे जमेल का?

जमेल. पण आधी तेल ग्रॅनोलात नेमकं काय करत होतं ते बघू, कारण ते काढल्यावर त्याची कामं दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. बहुतेकांना वाटतं की कुरकुरीतपणा तेलामुळे येतो. तो येतो पाणी निघून गेल्यामुळे. तेलाची कामं वेगळी असतात. ते ओट्सच्या प्रत्येक पाकळीवर पातळ थर धरतं, त्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी पोचते आणि रंग एकसारखा येतो. मध किंवा सिरप पातळ होऊन सगळीकडे पसरायला ते मदत करतं. दाताखाली लागणारा जो खुसखुशीतपणा असतो, त्यात त्याचा वाटा असतो. आणि तयार झालेला ग्रॅनोला हवेतला ओलावा जरा सावकाश शोषतो.

आता तुमच्या दोन केळ्यांकडे या. साल काढल्यावर दोन मध्यम केळी साधारण २४० ग्रॅम भरतात, आणि केळ्यात तीनचतुर्थांश पाणी असतं. म्हणजे तेल काढून तुम्ही १८० ग्रॅम पाणी आत घेतलंत. तेलात पाणी शून्य. १८० अंशांवर कडेचं पाणी पटकन उडतं आणि तिथली साखर करपायला लागते, तेव्हा मधला भाग अजून उकडतच असतो. बाहेरून तपकिरी, आतून दमट. दुसऱ्या दिवशी काय होतं, तर आतलं उरलेलं पाणी बाहेरच्या कुरकुरीत भागात झिरपतं आणि सगळा डबा सारखाच मऊ होतो. झाकण कितीही घट्ट लावा, ओलावा आतच आहे.

तेव्हा तेलाला पर्याय निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारते: यात पाणी किती? मधात साधारण १७ टक्के पाणी असतं, मेपल सिरपमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास, सफरचंदाच्या प्युरेत (वाटलेल्या गरात) ८५ टक्क्यांच्या पुढे. बदामाच्या किंवा शेंगदाण्याच्या बटरमध्ये जवळपास नाहीच. ‘तेलाऐवजी तितकीच फळाची प्युरे घाला’ हा सल्ला केकला चालतो, कारण केक ओलसर हवा असतो. ग्रॅनोलाला तोच सल्ला दिला की तुमच्यासारखं होतं.

मी नेहमी वापरते ते प्रमाण सांगते. ३०० ग्रॅम रोल्ड (लाटून चपटे केलेले) ओट्स, १०० ग्रॅम जाडसर तुकडे केलेले बदाम, अक्रोड किंवा जे आवडतं ते, ६० ग्रॅम बिया (भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या, तीळ), ३० ग्रॅम ओट्सचंच पीठ, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा दालचिनी पूड. ओलं मिश्रण: ११० ग्रॅम मध किंवा मेपल सिरप, ८० ग्रॅम बदामाचं बटर, आणि एका मोठ्या अंड्याचा पांढरा भाग, साधारण ३० ग्रॅम. मध घेतला तर या सगळ्या ओल्या मिश्रणातलं पाणी पन्नास ग्रॅमच्या आत राहतं. तुमच्या १८० शी तुलना करा.

ओट्स कोणते, यावर तडजोड नको. इन्स्टंट किंवा क्विक ओट्स पातळ लाटलेले आणि तुटलेले असतात, ते पाक पिऊन टाकतात आणि पिठूळ होतात. स्टील कट ओट्स (न लाटता नुसते कापलेले दाणे) तर भाजून खड्यासारखे दाताला लागतात. जाड, अख्खे रोल्ड ओट्सच घ्या. पाकिटाच्या तळाशी भुगा साठलेला असतो, तो चाळून बाजूला करा. तेल असतं तेव्हा हा भुगा खपून जातो. तेल नसलं की तो आधी मध शोषतो, मग अर्धे ओट्स कोरडेच राहतात आणि अर्ध्यांच्या चिकट गाठी होतात. तुम्ही म्हणाल, मग ३० ग्रॅम पीठ वरून का घालायचं? कारण ते शेवटी घालायचंय, सगळ्याला ओलं मिश्रण लागल्यानंतर. तेव्हा ते दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीत बसतं आणि क्लस्टर धरून ठेवतं. भुग्याचंच पीठ करून वापरलंत तरी चालेल.

आता कृतीतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी तेलाच्या पाककृतींमध्ये सहसा नसते: ओट्स आधी कोरडे भाजून घ्यायचे. १५० अंशांवर १० ते १२ मिनिटं, ट्रेवर पसरून, मध्ये एकदा हलवून. भाजल्याचा वास सुटला आणि रंग किंचित बदलला की बाहेर. नट्स या फेरीत घालू नका, ते दुसऱ्या फेरीत पुरेसे भाजले जातात. या कोरड्या भाजण्याने ओट्सच्या अंगातला ओलावा कमी होतो, कच्चट चव जाते आणि दुसऱ्या फेरीला काम कमी उरतं. तेल न घालता केलेल्या ग्रॅनोलाला लोक ‘पुठ्ठ्याची चव’ म्हणतात, ती बहुतेक वेळा न भाजल्या गेलेल्या ओट्सची असते.

दोनदा भाजणं ही काही माझी युक्ती नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यगृहात जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये ‘ग्रॅन्युला’ नावाचा जो पदार्थ केला, तो ग्रॅहॅम पिठाचा, म्हणजे कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा होता. भाजायचा, तुकडे करायचे, पुन्हा भाजायचा. त्यात तेल नव्हतंच. इतका टणक व्हायचा की खाण्याआधी रात्रभर भिजत घालावा लागे. तेल काढून टाकल्यावर टणकपणा कसा आवरायचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि त्याचं आजचं उत्तर नट बटर.

नट बटरबद्दल एक तंबी. डब्यावरची घटकांची यादी वाचा. अनेक तयार बटरमध्ये पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड तेल मिसळलेलं असतं. तेल टाळायचं म्हणून आपण खटाटोप करायचा आणि ते मागच्या दाराने आत यायचं, यात अर्थ नाही. यादीत फक्त बदाम किंवा फक्त शेंगदाणे, फार तर मीठ, एवढंच हवं. घरी करायचं तर भाजलेले बदाम मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी भरड, मग ओलसर गोळा, मग एकदम सैल होऊन वाहायला लागतं. गोळ्याच्या टप्प्यावर लोक कंटाळून पाणी घालतात. घालू नका, ते दाटून बसतं आणि परत सैल होत नाही. भांडं गरम झालं तर पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा फिरवा.

मध आणि बटर एका छोट्या पातेल्यात मंद आचेवर एकत्र करा, फक्त सैल होऊन चमच्यावरून सहज ओघळण्यापुरतं. उकळी नको. तेल नसताना थंड मध पसरत नाही, एका जागी साचतो, आणि मग जिथे साचला तिथे काळा डाग, बाकी ओट्स पांढरे. पातेलं खाली उतरवून कोमट होऊ द्या. मीठ, दालचिनी त्यातच घाला म्हणजे सगळीकडे सारखी लागते. अंड्याचा पांढरा भाग वेगळ्या वाटीत काट्याने फेस येईपर्यंत फेटा, आणि तो कोमट मिश्रणातच घाला. गरम मिश्रणात घातलात तर तिथेच शिजून पांढरे धागे होतील. मग ओट्स, नट्स, बिया. आधी चमच्याने, मग सरळ हाताने. तळापासून वर उचलत राहायचं, मळायचं नाही. एकही पाकळी पांढरी कोरडी दिसत नाही असं झालं की शेवटी पीठ भुरभुरवा.

अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिनं असतात, ती उष्णतेने घट्ट होतात आणि ओट्सना धरून ठेवतात. क्लस्टर त्यामुळे मोठे आणि कोरडे होतात. अंड्याचा वास राहील अशी भीती अनेकांना वाटते. एवढ्या प्रमाणात, दालचिनी असताना, तो येत नाही.

तुम्हाला अंडं नको आहे. मग छोले शिजवल्यावर उरणारं पाणी, ज्याला अ‍ॅक्वाफाबा म्हणतात, ते घ्या. एका पांढऱ्याऐवजी दोन मोठे चमचे. शिजवल्यावर ते पातळ असेल तर मंद आचेवर आटवा आणि गार करा. अंड्याच्या पांढऱ्याइतकं बुळबुळीत झालं की योग्य. डब्यातल्या छोल्यांचं असेल तर मीठ आधीच आहे, वरून घालू नका. पकड अंड्यापेक्षा थोडी कमी बसते, पण फेस येईपर्यंत फेटलंत तर फरक फारसा कळत नाही. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून होणारा चिकट गर हाही पर्याय आहे. माझा तिसरा क्रमांक, कारण त्यात पाणी पुन्हा वाढतं.

केळंच हवं असेल तर? चव छान येते, मान्य. मग एकच केळं घ्या, बारीक कुस्करा आणि चिकटत नाही अशा तव्यावर मंद आचेवर परतत राहा. आधी ते सैल होतं, मग वाफ येते, मग तपकिरी होत तव्याच्या कडेने सुटायला लागतं. आकाराने निम्मं झालं की थांबा. हे आटवलेलं केळं बदामाच्या बटरच्या निम्म्या भागाऐवजी घालता येतं. सफरचंदाची प्युरेही अशीच, २०० ग्रॅमची ९० ग्रॅम होईपर्यंत. खजूर वापरायचा तर भिजवताना पाणी अगदी बेताचं, वाटता येईल इतकंच. फळाच्या कोणत्याही प्रकारात मधाचं प्रमाण कमी करा, नाहीतर गोडाचा अतिरेक होतो आणि रंगही लवकर चढतो.

भाजताना ट्रेवर बेकिंग पेपर हवाच. तेल नसल्यामुळे मिश्रण धातूला असं चिकटतं की खरवडताना क्लस्टरचा भुगा होतो. सिलिकॉनची मॅट चालते, पण तळ जरा कमी कोरडा होतो. काळ्या रंगाचा ट्रे असेल तर खालून लवकर करपतं, लक्ष ठेवा. मिश्रण साधारण एक सेंटिमीटर जाड पसरा आणि सपाट चमच्याने किंवा दुसऱ्या भांड्याच्या तळाने नीट दाबा. क्लस्टर इथे ठरतात. हलका दाब दिला तर सुटा ग्रॅनोला, जोर दिला तर खडे. कडेला थर पातळ सुटतो आणि तोच आधी जळतो, म्हणून कडा आत ढकलून किंचित जाड ठेवा.

तापमान १४० अंश, वेळ ३० ते ३५ मिनिटं. १८० विसरून जा. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला रंग धरतं. तेलाचा थर नसताना तर तो रंग ठिपक्या-ठिपक्यांनी येतो. सावकाश भाजलं की आधी पाणी जातं, रंग मागून येतो, आणि आपल्याला तोच क्रम हवा असतो. पंधरा मिनिटांनी ट्रे फिरवून आत-बाहेर करा. चमच्याने ढवळायचं नाही. वीसेक मिनिटांनी लाद्यासारखे झालेले मोठे तुकडे उलथण्याने एकदा पालटा, बास. घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात १०-२० अंशांचा फरक सर्रास असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा, या पदार्थाला तेवढाच फरक पुष्कळ होतो.

झालं हे कसं ओळखायचं? गरम असताना ग्रॅनोला मऊच लागतो, कारण पाक अजून सैल असतो. ओव्हनमध्ये बोट लावून ‘अजून मऊ आहे’ म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवणं म्हणजे करपवण्याचा हमखास रस्ता. त्याऐवजी ट्रेच्या मधोमध असलेला चमचाभर काढा, कडेचा नको, आणि थंड बशीत पसरून दोन मिनिटं थांबा. मग दाताखाली घ्या. कडकन तुटला तर तयार. वाकून मग तुटला तर पाच मिनिटं अजून. रंग सांगायचा तर मधला भाग फिकट सोनेरी आणि कडा गडद सोनेरी. मधलाच गडद झाला असेल तर कडा कडवट लागणार.

ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांच्यासाठी आणखी खात्रीचा उपाय: भरलेल्या ट्रेचं वजन ओव्हनमध्ये घालण्याआधी आणि नंतर करा. वर दिलेल्या प्रमाणात ५० ते ६० ग्रॅम घट हवी. २५-३० ग्रॅमच घटलं असेल तर रंग कितीही सुंदर दिसो, उद्या तो सादळणारच.

मग ओव्हन बंद करा, दार बोटभर उघडं ठेवा आणि ट्रे आतच तासभर राहू द्या. हात लावायचा नाही. या वेळात उरलासुरला ओलावा बाहेर पडतो आणि साखरेचा पाक थिजून काचेसारखा कडक होतो. क्लस्टरची पकड या थिजण्यातच तयार होते. मध्येच ढवळलं की तुटलेले तुकडे पुन्हा जुळत नाहीत. पूर्ण गार झाल्यावर हाताने हव्या त्या आकाराचे खडे मोडा.

बेदाणे, जर्दाळू, अंजीर हे सगळं यानंतर, कधीच ओव्हनमध्ये नाही. बेदाणे आत फुगतात, मग टणक आणि कडू होतात. एक मात्र लक्षात घ्या: सुक्या फळांत ग्रॅनोलापेक्षा कितीतरी जास्त ओलावा असतो आणि डब्यात तो ओट्सकडे जातो. बिनतेलाच्या ग्रॅनोलाला हे जास्त बाधतं. मी फळं वेगळ्या बरणीत ठेवते आणि खाताना घालते. वाढपाला एक जास्तीचा डबा लागतो, एवढीच गैरसोय.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट भांड्यात मंद आचेवरही होतो, पण सुटा, क्लस्टरशिवाय. आधी ओट्स आणि नट्स कोरडे भाजून बाजूला, मग त्याच भांड्यात मध-बटर गरम करून सगळं परत घालायचं आणि ओलसर चमक जाईपर्यंत हलवत राहायचं. या पद्धतीत अंडं नको. एअर फ्रायरमध्ये पंख्याने सुटे ओट्स उडतात आणि वरच्या तारेला लागून जळतात. थोडंच मिश्रण घट्ट दाबून, १३० अंशांवर ठेवलंत तर निभावतं.

आता तेल टाळण्यामागचा हेतू. तुम्ही तो लिहिलेला नाही, पण बहुतेकांचा वजनाचा असतो, म्हणून हिशेब मांडते. ३०० ग्रॅम ओट्सना नेहमीच्या पाककृतीत ८० मिलिलीटरच्या आसपास तेल जातं. ते सुमारे ७३ ग्रॅम, म्हणजे साधारण ६५० कॅलरी. त्याच्या जागी मी जे ८० ग्रॅम बदामाचं बटर घातलं त्यात ४९० च्या आसपास. वाचल्या दीडशे-एकशेसाठ, तेही दहा-बारा वाढण्यांत वाटून. पदरात फारसं काही पडत नाही. बदाम, अक्रोड, बिया यांत निम्मं किंवा त्याहून जास्त वजन स्निग्धांशाचंच असतं, त्यामुळे ‘बिनतेलाचा’ म्हणजे ‘बिनचरबीचा’ असं कुणी समजू नये. बदामाच्या बटरसोबत तंतू आणि प्रथिनं येतात, चव भरून येते, बोटांना तेलकटपणा लागत नाही. ही कारणं मला पुरेशी वाटतात. वजन कमी करायचं असेल तर तेलापेक्षा वाटीच्या आकाराकडे आणि गोडाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध आणि सिरप हीसुद्धा ‘मोकळी साखर’च, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखी मर्यादेत ठेवायची साखर आहे.

ज्यांना स्निग्धांशच कमी हवा आहे, त्यांनी नट बटर काढून दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि १०० ग्रॅम मध घ्यावा, नट्स निम्मे करावेत. कुरकुरीत होतो, पण खुसखुशीत नाही, दाताला कडक लागतो. दुधात किंवा दह्यात पाच मिनिटं ठेवून खाण्यासारखा. आणि त्यात मध १०० चा ७० ग्रॅमवर आणू नका. तेल आणि गोड दोन्ही एकदम कमी केलं की ओट्सना धरायला काहीच उरत नाही, हाती नुसते भाजलेले ओट्स येतात. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि त्याला चाखवायचा मोह होत असेल, तर मध असलेला ग्रॅनोला नको. मध भाजला तरी त्या वयात बॉट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका टळत नाही.

साठवण: पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, कोमट ग्रॅनोलाची वाफ झाकणाच्या आतून परत खाली उतरते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तो दोन-तीन आठवडे छान राहतो, आटवलेल्या फळाचा असेल तर आठवडाभर. अक्रोड आणि जवस जास्त घातलेत तर त्यांना खवट वास लवकर लागतो, अशी बरणी फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी इतकं कमी असतं की तो गोठून दगड होत नाही, काढून लगेच खाता येतो. हवा दमट असेल तेव्हा मी सगळाच फ्रीजरमध्ये टाकते.

आणि तुमचा आत्ता जो मऊ पडलेला केळ्याचा डबा आहे, तो फेकू नका. करपलेल्या कडा निवडून काढा, उरलेला ट्रेवर पातळ पसरा, १२० अंशांवर २० मिनिटं ठेवा, मग बंद ओव्हनमध्येच गार करा. मधल्या भागात ओलावा बराच असल्यामुळे एका फेरीत भागलं नाही तर बशीची चाचणी घेऊन आणखी दहा मिनिटं द्या. क्लस्टर काही होणार नाहीत, पण कुरकुरीत होईल.